बडोद्यात पाणवनस्पतींसाठी टायमर घेताना: खिट्ट्यांचा, डिजिटल की वायफायचा?

टाकीवरच्या एलईडीवर लोक हजारो रुपये घालतात आणि तो चालू-बंद करणारा टायमर मात्र दुकानात हाताला येईल तो उचलतात. काचेच्या टाकीत व्हॅलिस्नेरिया नुसती हिरवी ठेवायची असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. पण हायड्रिलाचे कंद, पोटॅमोजेटनच्या विश्रांतीच्या कळ्या किंवा कमळाची जाड मूळखोडं हवी असतील, किंवा नेमकी तीच नको असतील, तर निकाल दिव्यापेक्षा टायमरच्या हातात जास्त असतो. म्हणून ही पारख टायमरची. ब्रँड ढीगभर आहेत, पण आतली यंत्रं तीनच तऱ्हेची असतात: खिट्ट्यांची चकती असलेला यांत्रिक, बॅटरीचा डिजिटल आणि वायफायचा प्लग. आमचं मत आधीच सांगतो. मुख्य दिव्याला डिजिटल घ्या, जोडीच्या मंद दिव्याला यांत्रिक चालतो, आणि वायफायचा फक्त तेव्हाच घ्या जेव्हा राउटर इन्व्हर्टरवर असेल.

हे मत समजायला वनस्पती काय मोजते ते आधी पाहायला हवं. तळात मूळ धरणाऱ्या बऱ्याच पाणवनस्पती बियांपेक्षा शाकीय मार्गाने जास्त पसरतात: धुमारे, चिखलातले कंद, पानांच्या बगलेतल्या घट्ट कळ्या. यांतलं काय आणि कधी करायचं हे त्या पाण्याच्या उबेइतकंच दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. आणि दिवसाची लांबी त्या ओळखतात ती सलग अंधार किती मिळाला यावरून. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल प्रकाशाने एका रूपात जातं आणि ७३० च्या आसपासच्या दूर-लाल प्रकाशाने परत फिरतं. अंधारात ते हळूहळू उतरतं. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ लाल किंवा पांढरा प्रकाश पडला तर ती एक लांब रात्र न राहता दोन तोकड्या रात्री होतात, आणि वनस्पती उन्हाळा असल्यासारखी वागते. दिवसा दिवा अर्धा तास कमी-जास्त झाला तर एकवेळ चालेल. रात्री लागलेला दिवा चालत नाही.

हायड्रिलाचं उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. अमेरिकेत तण म्हणून माजलेल्या हायड्रिलाचे दोन प्रकार आहेत: एकात नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या रोपांवर, दुसऱ्यात एकाच रोपावर. पहिला प्रकार जनुकीय तपासणीत बंगळूरच्या नमुन्याच्या जवळचा निघाला, म्हणजे त्यावरचे आकडे आपल्याला परके नाहीत. हा प्रकार दिवस साधारण १३ तासांच्या खाली आला की चिखलात कंद धरू लागतो. १० ते १२ तासांत भरपूर धरतो, १४-१६ तासांत जवळपास नाहीच. दुसरा प्रकार लांब दिवसातही थोडे कंद धरतो, तरी तोकड्या दिवसात त्याचेही वाढतात.

पोटॅमोजेटन क्रिस्पस, कुरळ्या पानांची ती सुंदर जात, बरोबर उलटी. ती थंडीत वाढते आणि दिवस लांबले, पाणी तापलं की खोडाच्या टोकाशी कडक, काटेरी कळ्या बनवून उन्हाळा झोपून काढते. तिच्या टाकीत १० तासांचा दिवा ठेवलात तर ती पानंच काढत राहील. १४ ते १६ तास आणि २० अंशांच्या वर पाणी दिलंत की कळ्या सुरू होतात. कमळ हायड्रिलाच्या बाजूचं: तोकड्या दिवसात मूळखोडाची लांबी थांबते आणि ते फुगायला लागतं, बाजारात कमळकाकडी म्हणून मिळतं तेच. बारीक पानांच्या पोटॅमोजेटन पेक्टिनॅटसचे कंदही तोकड्या दिवसात लवकर धरतात. आपल्याकडची व्हॅलिस्नेरिया मात्र अशा कडक वेळापत्रकाची नाही. तिचे धुमारे एकूण प्रकाश आणि ऊब यांवर चालतात, आणि थंड देशांतल्या तिच्या बहिणीसारखी ती थंडीत कळी बनवून पानं टाकत नाही. तिच्यासाठी महागडा टायमर घेऊ नका.

बडोद्याचा दिवस २१ जूनला सुमारे साडेतेरा तासांचा आणि २१-२२ डिसेंबरला सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो १३ तासांच्या वर राहतो आणि सप्टेंबर संपताना १२ च्या खाली जातो. ग्वाल्हेरला हा फरक आणखी रुंद आहे: जूनमध्ये पावणेचौदा, डिसेंबरमध्ये साडेदहा. हे सूर्योदय ते सूर्यास्ताचे आकडे; संधिप्रकाशाची दोन्हीकडची बावीस-पंचवीस मिनिटं वनस्पतीला अंधार वाटतीलच असं नाही. म्हणून खिडकीजवळच्या टाकीचा टायमर १२ तासांवर लावून कंदांची वाट पाहत बसू नका. तिथे कृत्रिम दिवस सूर्याच्या दिवसात पूर्ण बसवावा लागतो, किंवा खिडकीवर जाड काळं कापड.

आता यंत्रं.

यांत्रिक टायमरच्या चकतीभोवती ९६ खिट्ट्या असतात, एक खिट्टी १५ मिनिटांची. स्वस्तात ४८ खिट्ट्यांचाही मिळतो, तो घेऊ नका, अर्ध्या तासाची पायरी या कामाला जाड पडते. काही टायमरमध्ये दाबलेली खिट्टी म्हणजे चालू, काहींमध्ये उचललेली. चकतीच्या मध्यावरचं चित्र पाहूनच लावा. वेळ जुळवताना चकती बाणाच्या दिशेनेच फिरवायची. उलटी फिरवली की प्लास्टिकचे दाते झिजतात आणि पुढे टायमर रोज थोडा मागे पडत जातो. बाजूला एक बारीक स्विच असतो, एका टोकाला घड्याळाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सरळ रेघ. तो रेघेवर राहिला की चकती फिरत राहते पण दिवा चोवीस तास चालू. ‘टायमर बिघडला’ अशा तक्रारींतला मोठा भाग या स्विचचा असतो.

या टायमरचा खरा दोष मात्र वेगळा आहे, आणि तो खोक्यावर लिहिलेला नसतो. आतली मोटर विजेच्या ५० हर्ट्झवर चालते. वीज गेली की मोटर थांबते, वीज आली की राहिली होती तिथून पुढे सुरू. दुपारी ४० मिनिटं वीज गेली तर त्या दिवसापासून दिवा ४० मिनिटं उशिरा लागतो आणि ४० मिनिटं उशिरा मालवतो. दिवा एकूण दहा तासच जळतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. असे तुकडे साचून तीन तास झाले की सकाळी ८ ते संध्याकाळी ६ लावलेला दिवा ११ ते ९ जळू लागतो. खोलीत सकाळी सातपासून उजेड असतोच. म्हणजे कागदावर दहा तासांचा दिवस आणि हायड्रिलाच्या दृष्टीने चौदा तासांचा. कंद न धरण्याचं हे एक नेहमीचं कारण, आणि लोक दोष देतात माती, खत किंवा दिव्याच्या वॅटला. पावसाळ्यात वीज जास्त वेळा जाते आणि कंद धरण्याचा हंगाम त्याला लागूनच येतो, हे आणखी वाईट. यांत्रिक टायमर ठेवायचाच असेल तर दर रविवारी चकती घड्याळाशी जुळवून घ्या. बंद काळ्या कपाटातल्या टाकीला मात्र हा दोष बाधत नाही, कारण तिथे दुसरा उजेडच नाही.

डिजिटल टायमरमध्ये छोटी रिचार्ज होणारी बॅटरी असते, वीज गेली तरी घड्याळ चालू राहतं आणि वेळापत्रक टिकतं. एवढ्या एका गोष्टीसाठी तो जास्त पैशांचा आहे. नवा आणल्यावर पडदा कोरा दिसला तर परत करायची घाई नको; दुकानात पडून बॅटरी उतरलेली असते. १२ तास सॉकेटमध्ये ठेवा, मग बारीक छिद्रातलं रीसेट टाचणीने दाबा आणि वेळ लावा. घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर ठेवा. बारा तासांच्या पद्धतीत सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ यांची अदलाबदल अगदी सहज होते.

वेळापत्रक लावताना तीन ठिकाणी गडबड होते. पहिली म्हणजे वारांचा गट: यंत्र सुरुवातीला सगळे वार दाखवतं, पण बटण एकदा जास्त दाबलं गेलं की फक्त सोमवार उरतो. दुसरी, जुनी उरलेली नोंद. या यंत्रांत ८ ते २० नोंदी राहतात. आधीच्या प्रयोगाची रात्री १० ची ‘चालू’ नोंद पुसायची राहिली तर रात्र फुकट. सगळ्या नोंदी एकेक करून बघा, न वापरलेल्या ठिकाणी रेघा दिसल्या पाहिजेत. तिसरी, पडद्यावरचं छोटं ‘आर’ किंवा घड्याळाजवळचं फाशासारखं चिन्ह. घर रिकामं असताना चोराला माणसं आहेत असं वाटावं म्हणून दिवे मागे-पुढे लावण्याची ती सोय आहे. ती चालू असेल तर तुमचा दिवस रोज वेगळ्या लांबीचा होतो. ते चिन्ह घालवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिजिटलचा खरा बिघाड एकच मोठा: रिले, म्हणजे दिवा प्रत्यक्ष चालू-बंद करणारा आतला विजेवरचा स्विच, चिकटणं. खोक्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते हीटर-इस्त्रीसारख्या साध्या भारासाठी. एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर चालू होण्याच्या क्षणी कितीतरी पट प्रवाह ओढतो, आणि पाच-सहा दिवे एकाच टायमरवर असले की आतले संपर्क हळूहळू जळून चिकटतात. मग टायमर ‘टक’ असा आवाज करतो, पडद्यावर बंद लिहून येतं आणि दिवा तसाच जळत राहतो. एका टायमरवर दोन-तीन दिव्यांपेक्षा जास्त नको. रांगेने टाक्या असतील तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भार पेलणारा मोठा रिले, बसवून घ्या, कुठलाही इलेक्ट्रिशियन ते करतो. आठवड्यातून एकदा दिवा मालवायच्या वेळी समोर उभं राहून बघणं हा यावरचा सोपा उपाय.

वायफायचा प्लग फोनवरून चालतो, वेळ मिनिटापर्यंत नेमकी लागते, आणि वर्षभरात दिवस हळूहळू लांबवणं-तोकडवणं सोपं होतं. बडोद्याचा खरा सूर्योदय-सूर्यास्त पाळणारी सोयही बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, ती अभ्यासूंना फार उपयोगी. पण वीज जाऊन आली की बहुतेक प्लग वेळ पुन्हा इंटरनेटवरून घेतात. प्लग जागा झाला आणि राउटर अजून झोपलेला असला तर मधली ‘बंद’ची वेळ निसटते. अ‍ॅपमध्ये वीज आल्यावर काय करायचं याची निवड असते: आधीची स्थिती, चालू किंवा बंद. इथे ‘बंद’ निवडा. एक तास प्रकाश कमी मिळाला तर नुकसान थोडं. रात्री दोन वाजता दिवा लागला तर त्या रात्रीची लांबी गेलीच.

टायमर कसाही असो, त्याच्या कक्षेबाहेरच्या उजेडाचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागतो. दिवाणखान्यात गणपती बसतात तेव्हा मखराचे दिवे रात्रभर जळतात आणि टाकी बहुधा त्याच भिंतीला असते. नवरात्र तर नेमकं दिवस १२ तासांच्या आसपास उतरतो त्या दिवसांत येतं. गरब्याच्या मैदानाचे फ्लडलाइट अगाशीवरच्या कमळाच्या कुंडीवर पडत असतील तर त्या रात्री कुंडीवर दुहेरी काळं कापड टाका, संध्याकाळी सातला घालायचं, सकाळी सातला काढायचं. रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर येत असेल तर कुंडीच हलवा.

आता, टायमरचे पैसे कुठे वसूल होतात ते. दिवस लांबवला की वनस्पतीला दोन गोष्टी एकदम मिळतात: रात्र तोकडी होते आणि अन्न बनवायला वेळही जास्त. मग फरक कशामुळे पडला ते कळत नाही. ते वेगळं काढायला हायड्रिलाचे दोन सारखे टब आणि दोन टायमर लागतात. मुख्य २० वॅटचा ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा, एलईडी सकाळी ८ ते संध्याकाळी ६, डिजिटलवर, दोन्ही टबांना सारखा. दुसऱ्या टबावर वेगळा ३ वॅटचा पिवळसर बल्ब, पाण्यापासून फूटभर वर, संध्याकाळी ६ ते रात्री १०, यांत्रिकवर. या मंद उजेडात वाढ नाममात्र होते, पण वनस्पतीच्या हिशेबात दिवस १४ तासांचा होतो. दोन टबांच्या मध्ये काळा पत्रा किंवा पुठ्ठा उभा करायला विसरू नका. यांत्रिक टायमर मागे पडला तरी इथे चूक लपत नाही: संध्याकाळी ६ ला एक दिवा मालवताना दुसरा लागला पाहिजे, रोज डोळ्यांसमोर तपासता येतं.

टब २० लिटरचे घ्या, तळाला ८ ते १० सेंटिमीटर माती; यापेक्षा उथळ मातीत हायड्रिलाची मूळखोडं खाली उतरायला जागा पुरत नाही आणि कंद कमी दिसतात. तलावाची गाळमाती दोन भाग, धुतलेली रेती एक भाग, वर बोटभर नुसती रेती म्हणजे पाणी गढूळ होत नाही. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून वापरा. बोअरचं जड पाणी हायड्रिलाला चालतं, ती बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते. १२ ते १५ सेंटिमीटरचे शेंडे, टोक शाबूत असलेले, प्रत्येक टबात सहा, तीन बोटं मातीत. पाणी २२ ते २६ अंश. बडोद्यात हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आपोआप जमतं, मेमध्ये जमत नाही. चार आठवड्यांच्या आत माती उकरू नका, नुसती मुळं तुटतील. आठ आठवड्यांनी टब उपसून माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्याच्या धारेखाली चाळा. कंद वाटाण्याहून लहान, मळकट पांढरे ते तपकिरी. पानांच्या बगलेतल्या कळ्या त्याहून बारीक आणि हिरव्या. दोन्ही वेगवेगळे मोजा.

चाळून उरलेली माती विश्वामित्रीत, सुरसागरात किंवा सोसायटीच्या तळ्यात टाकायची नाही. हायड्रिलाचे कंद चिखलात चार वर्षांहून जास्त जिवंत राहतात. नको असलेले कंद उकळत्या पाण्यात घाला. डभोईजवळच्या वढवाणा तलावाला, गायकवाडांनी १९१० साली बांधलेल्या आणि २०२१ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत असलेल्या, थंडीत पाहुणी बदकं येतात आणि त्यांतली काही पाण्याखालच्या अशाच वनस्पतींवर पोसतात. तिथे जाणारी मंडळी घरच्या टाकीतलं काहीही सोबत नेत नाहीत, एवढं पाळलं तरी पुरे.

हौशी टाकीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. एकायनोडोरसच्या रुंद पानांच्या जाती, विशेषतः कॉर्डिफोलियस, १२ तासांपेक्षा लांब दिवसात पाण्याबाहेर पानं काढू लागतात आणि आतली शोभा जाते. टायमर ९-१० तासांवर ठेवला की पानं पाण्याखाली राहतात. शेवाळही आटोक्यात राहतं.

विकत घेताना प्लगकडे बघा. बाजारात दोन जाड गोल पिनांचे परदेशी घडणीचे टायमर बरेच येतात; आपल्या सॉकेटमध्ये ते ॲडॉप्टरवर सैल बसतात, तापतात, वास येतो. तीन पिनांचा भारतीय घडणीचाच मागा. अंगाने हे टायमर रुंद असतात आणि शेजारचा स्विच झाकतात, म्हणून मोजून घ्या किंवा चांगल्या तांब्याच्या वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरा. बोर्ड टाकीच्या पातळीपेक्षा वर टांगा आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळातून गळतं, टायमरमध्ये शिरत नाही. दुकानातच टेबललॅम्प लावून पाहायला सांगा: चालू, बंद, मग प्लग काढून पाच मिनिटांनी परत. डिजिटल असेल तर घड्याळ पुढे गेलेलं दिसलं पाहिजे, शून्यावर आलेलं नाही. घरी आणल्यावर पहिले दोन दिवस टाकीला जोडू नका, नुसता दिवा जोडून वेळा तपासा. बिल जपून ठेवा. रिले चिकटायचा असेल तर बहुधा वॉरंटी संपण्याच्या सुमारासच चिकटतो.